चुंबक लोखंड ओढतो, धूळ नाही

वडोदरा : काचेची बाटली हिरवट का दिसते? पांढऱ्या टाइलवर काळा ठिपका कुठून येतो? बहुतेक वेळा उत्तर एकच, कच्च्या मालातलं लोह. ते काढण्यासाठी मॅग्नेटिक सेपरेटर लागतो. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत ही यंत्रं बनतात.

चुंबक सगळ्या खनिजांना सारखा ओढत नाही. क्रशरच्या जबड्याची झीज होऊन मालात पडलेले लोखंडाचे कण आणि मॅग्नेटाइट साध्या चुंबकालाही चिकटतात. हेमाटाइट आणि इल्मेनाइट मात्र हट्टी. त्यांना दहा हजार गौस किंवा त्याहून जास्त ताकद लागते. क्वार्ट्‌झ, म्हणजे गारगोटी, चुंबकाला दाद देत नाही. याच फरकावर सगळा खेळ चालतो.

रोल सेपरेटरमध्ये पातळ पट्टा चुंबकी रोलरवरून फिरतो. स्वच्छ क्वार्ट्‌झ वेगाने पुढे फेकला जातो. लोहयुक्त कण पट्ट्याला धरून राहतात आणि रोलरच्या मागच्या बाजूला गळतात. मधे एक पत्रा दोन्ही वाटा वेगळ्या करतो. माल ओला असला किंवा जाड थरात सोडला, तर महागडं यंत्रही फुकट. म्हणून आधी वाळवणं, चाळणं, मग कमी ताकदीचा चुंबक आणि शेवटी जास्त ताकदीचा, असा क्रम ठेवतात. अगदी बारीक पूड असेल तर पाण्यात कालवून चालवण्याची पद्धत बरी.

पण पाण्याची पद्धत नसेल तिथे खरा धोका सुरू होतो. कोरड्या क्वार्ट्‌झची बारीक धूळ हवेत उडते, श्वासावाटे फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही, टाळता येतो. चुंबक मालातलं लोह काढतो; कामगाराच्या छातीतली धूळ काढत नाही.

हे वडोदऱ्याजवळच घडलंय. गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्‌झ कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर भागातले आदिवासी मजूर कामाला आले आणि सिलिकोसिस घेऊन घरी परतले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत 238 मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला.

नंदुरबार, धुळ्याकडूनही माणसं कामासाठी गुजरातेत जातात. दगड भरडण्याच्या कारखान्यात कामाला लागण्याआधी त्यांनी एवढं तरी बघावं : क्रशर, चाळण आणि सेपरेटर झाकलेले आहेत का, धूळ ओढणारा पंखा खरोखर चालतो का, पाणी मारतात का. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. खोकला किंवा दम लागला, तर डॉक्टरला 'गारगोटीच्या धुळीत काम केलंय' हे आधी सांगावं. नाहीतर क्षयरोग समजून औषध सुरू होतं.

आणि हृदयात पेसमेकर असेल, तर या चुंबकांपासून लांबच राहावं.