म्हातारपणाची शिदोरी

मृगात टोबलेली सरकी दुसऱ्या दिवशी बोंड देत नाही. पाच-सहा महिने वाट पाहावी लागते. म्हातारपणाचा पैसाही असाच आहे. तो आधी पेरावा लागतो.

नोकरदाराच्या पगारातून दर महिन्याला म्हातारपणासाठी रक्कम कापली जाते. पण कास्तकाराचे काय? मजुराचे काय? त्यांच्या कमाईतून कोण कापणार? आपले आपणच कापायचे.

कोणी म्हणेल, "पोटाला पुरत नाही, मागे काय टाकू?" बोलणे खोटे नाही. पण थोडे टाकले तरी चालते. फक्त लवकर सुरुवात पाहिजे.

केंद्र सरकारने २०१५ साली अटल पेन्शन योजना सुरू केली. १८ ते ४० वर्षांच्या माणसाला तिच्यात नाव घालता येते. बँकेत किंवा टपाल कचेरीत बचत खाते लागते. आयकर भरणाऱ्याला मात्र नाव घालता येत नाही. वयाची ६० वर्षे भरली की दरमहा पेन्शन सुरू होते. ती १,००० पासून ५,००० रुपयांपर्यंत असते. जसा हप्ता, तशी पेन्शन.

आता हिशेब पाहा. एका घरी बाप ४० वर्षांचा आहे, लेक १८ वर्षांचा. दोघांनाही म्हातारपणी महिन्याला १,००० रुपये पाहिजेत. लेकाला दरमहा ४२ रुपये भरावे लागतात. बापाला २९१ रुपये! लेक ४२ वर्षे भरील, त्याचे एकूण २१,१६८ रुपये होतील. बाप २० वर्षे भरील, त्याचे ६९,८४० रुपये होतील. पेन्शन दोघांची सारखीच. मग हा फरक कशाचा? लेकाच्या पैशाला वाढायला जास्त वर्षे मिळाली, त्याचा.

आपल्या वऱ्हाडात पैसा दर महिन्याला येत नाही. कापूस, सोयाबीन विकले की येतो. म्हणून हप्ता तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनीही भरता येतो. कापसाचा पैसा हाती आला की आधी हप्त्याची रक्कम खात्यात ठेवा. मग बाकीचा खर्च करा. खाते रिकामे राहिले तर हप्ता चुकतो आणि दंड लागतो.

नवरा गेला तर तीच पेन्शन बायकोला मिळते. बायको गेली तर नवऱ्याला. दोघेही गेल्यावर जमलेली रक्कम वारसाला मिळते. त्यासाठी वारसाचे नाव नीट लिहून घ्या. घरधनिणीचे खातेही वेगळे काढा. तिलाही म्हातारपण आहेच.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आजच्या हजार रुपयांत जेवढे सामान येते, तेवढे वीस वर्षांनी येणार नाही. म्हणून जमेल तेवढी मोठी पेन्शन निवडा.

चाळिशी उलटली असेल तर? टपाल कचेरीत आवर्ती ठेव आहे. महिन्याला १०० रुपयांपासून पाच वर्षे भरता येतात. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. तिचा अर्ज तहसील कचेरीत करावा.

लेक-सून चांगले असतील, तर आनंदच आहे. पण दवापाण्यासाठी त्यांच्यापुढे हात पसरावा लागू नये. म्हणून घरात जो अठरा वर्षांचा झाला असेल, त्याला यंदाच खाते काढायला पाठवा.