सांगडीचे गणित

आपण कशाचीही सांगड घालतो : विज्ञानाची अध्यात्माशी, घराची नोकरीशी. मूळ सांगड मात्र पाण्यातली. मोल्सवर्थच्या कोशात तिचा अर्थ दोन होड्या एकत्र बांधून केलेला तराफा असा दिला आहे. पोहताना आधाराला घ्यायच्या जोडभोपळ्यांनाही तोच शब्द आहे. एकेकट्या असताना सहज कलंडणाऱ्या दोन वस्तू अंतर ठेवून जोडल्या की त्या एकमेकींना सावरतात. शर्यतीच्या आधुनिक कॅटमरानचे तत्त्व एवढेच आहे.

‘कॅटमरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. पण कोरोमंडल किनाऱ्यावरचे कट्टुमरम म्हणजे एकमेकांना खेटून बांधलेले ओंडके. दोन डोण्या अंतरावर जोडण्याची विद्या पॅसिफिकमधल्या बेटकऱ्यांनी कळसाला नेली आणि पुढे युरोपीयांनी तिला हे तमिळ नाव चिकटवले. त्यामुळे ‘कॅटमरान हा आपलाच शोध’ असे छातीठोकपणे सांगणे मला पटत नाही. शर्यतीत ही रचना गाजवली ती अमेरिकेच्या नॅथनेल हेरेशॉफने. 1876 साली न्यूयॉर्कजवळ त्याच्या ‘अमॅरिलिस’ने नावाजलेल्या नौकांना मागे टाकले, आणि ती इतरांसारखी नाही म्हणून तिला बाद ठरवण्यात आले.

या विषयाकडे मी वळलो तो भोरच्या पाण्यामुळे. भाटघरचे 1927 सालचे लॉईड धरण आमच्या तालुक्यात. पानशेत आणि वरसगाव शेजारच्या वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात. दोन्ही तालुक्यांनी आपली खोरी दिली आणि पाणी खालच्या शेतांना व शहराला गेले. इथल्या माणसाच्या मनात जलाशय म्हणजे बुडालेली जमीन, किंवा 12 जुलै 1961 रोजी फुटलेले पानशेत. त्या पाण्यावर वाऱ्याच्या बळाने फिरता येते, ही गोष्ट त्याच्या अनुभवात जवळजवळ नाही.

एकट्याने चालवायच्या वेगवान कॅटमरानचा नमुना म्हणजे ‘ए क्लास’. तिचे नियम मोजके आहेत : लांबी जास्तीत जास्त 5.49 मीटर, रुंदी 2.30 मीटर, डोलकाठी धरून शीड 13.94 चौरस मीटर, वजन किमान 75 किलो. या चौकटीत आकार कोणताही द्यावा. तुलनेला ऑलिंपिकमधली ‘लेझर’ घ्या. तीही एकट्याची, पण एका अंगाची. तिचे शीड सुमारे 7 चौरस मीटर. म्हणजे कॅटमरानचा नाविक जवळजवळ दुप्पट शीड सांभाळतो. कसे?

मी नौकाशास्त्र शिकलेलो नाही, पण हे गणित शाळेतल्या तरफेचे आहे. वारा शिडाला ढकलतो तेव्हा नौका वाऱ्याआडच्या डोणीवर टेकून कलू पाहते. नौकेचे 75 किलो त्या डोणीपासून सुमारे एक मीटरवर. नाविक डोलकाठीला बांधलेल्या तारेला लटकून, दुसऱ्या डोणीच्या कडेवर पाय रोवून बाहेर झुकतो. तोही 75 किलोंचा धरला, तर त्याचे वजन सुमारे तीन मीटरवर. पहिला गुणाकार 75, दुसरा 225. नौका सावरण्याचे तीन चतुर्थांश काम माणूस करतो! जुन्या जड नौकांत हेच काम तळाशी भरलेल्या शिशाकडे असे. इथे वजनाची जागा रुंदीने घेतली आहे.

दुसरा फायदा बारीकपणाचा. सामान्य होडी वेग वाढला की स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढात अडकते. साडेपाच मीटर लांबीला ही मर्यादा ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या आसपास पडते. रुंदीच्या पंधरापट किंवा अधिक लांब असलेली डोणी फारशी लाट उठवतच नाही, म्हणून ती मर्यादा सहज ओलांडते. मात्र बारीक नाक जोराच्या वाऱ्यात पाण्यात घुसते आणि नौका पुढच्या पुढे कोलांटी खाते. नाकाशी फुगवटा किती ठेवायचा, हा रचनाकाराचा खरा पेच. अलीकडे डोण्यांखाली वक्र पाती बसवून नौका पाण्याबाहेरच उचलतात. या वर्गात अनेकदा जगज्जेता ठरलेला ग्लेन ॲशबी हा 2017 चा अमेरिका चषक जिंकणाऱ्या न्यूझीलंड संघाचा कप्तान होता. छोट्या नौकेवरची जाण मोठीवर कामी येते, ती अशी.

शर्यतीत आणखी एक गंमत आहे. वाऱ्याच्या दिशेने जायचे असले तरी कॅटमरान सरळ जात नाही, नागमोडी जाते. वारा नसताना स्कूटर पळवली तरी तोंडावर वारा लागतो ना? तसाच नौका आपल्या वेगाने वारा वाढवते, आणि तिरपे गेले तरच तो शिडाला मिळतो. लांबचा रस्ता इथे लवकर पोहोचवतो.

भाटघरसारख्या पाण्यावर हे सोपे नाही. वारा डोंगरांच्या सोंडांवरून तुटून, झोताने येतो. झोत आला की शिडाचा दोर सैल करणे, सुकाणू वळवणे आणि बाहेर झुकणे ही तिन्ही कामे एकट्याने क्षणात करायची. शिवाय पाण्याची पातळी हलती. उन्हाळ्यात कांबरेश्वराचे देऊळ वर येते. म्हणजे इतर वेळी ते खाली असते, आणि पाण्यात उभ्या खुपसलेल्या फळ्यांना तळाचा अंदाज लागतो.

म्हणून इथे कार्बन फायबरची महागडी नौका आणून उपयोग नाही. प्लायवुडच्या दोन डोण्या, मध्ये दोन आडव्या दांड्या, लहानसे शीड, अंगात लाइफ जॅकेट, काठावर तयार असलेली बचावाची बोट आणि जलसंपदा विभागाची परवानगी, एवढ्यावर सुरुवात होते. तरफ आठवीतल्या मुलालाही कळते. भोर-वेल्ह्याच्या एखाद्या मुलीने ती फळ्यावर न शिकता तारेला लटकून शिकावी, एवढे तरी या पाण्याने आम्हाला परत द्यावे.