घरट्यात झोपतं कोण?

संध्याकाळी डोंबिवलीला लोकल रिकामी होते तेव्हा बाहेरच्या झाडांवर साळुंक्यांची चेंगराचेंगरी चाललेली असते. ठाणे-कल्याणातही तेच. दिवसभर पांगलेले थवे एकाच झाडावर का भांडतात? घरटी नाहीत का त्यांना?

बहुतेक महिने नसतातच. घरटं ही बाळंतिणीची खोली. अंडी उबवणारा किंवा पिलांना ऊब देणारा पक्षी तेवढा रात्री तिथे थांबतो. पिलं उडाली की मागे उरतात विष्ठा, पिसवा आणि साप-मांजरांना माग दाखवणारा वास. त्यापेक्षा शंभर जोड डोळ्यांचा सामुदायिक रातथारा बरा. फांद्या छाटताना घरटं दिसलं तर माणसाचा हात आखडतो. रातथाऱ्याचं झाड मात्र भरदुपारी रिकामं दिसतं, आणि तिथेच घात होतो.

सुगरणीचं उदाहरण तर मासलेवाईक. 1930 मध्ये सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं विणतो, मादीला पसंत पडलं तर पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो. एवढी कारागिरी करून विणीचा हंगाम सरला की सगळे थव्याने बोरू-लव्हाळ्यात झोपायला जातात! रिकाम्या घरट्यांत मग कधी मुनिया शिरतात.

मग घरट्याबाहेर झोपलेला पक्षी फांदीवरून पडत कसा नाही? झोपेत त्याची बोटं फांदीभोवती आपोआप आवळली जातात, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. साळुंकीच्याच कुळातल्या युरोपीय स्टार्लिंगवरचे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग वेगळं सांगतात. झोपलेल्या पक्ष्यांची बोटं जेमतेम वाकलेली होती. ते चक्क तोल सांभाळत होते.

घरट्यात न झोपण्याला अपवाद आहेतच. पुलाखाली, जुन्या इमारतींच्या छताला घरटी चिकटवणाऱ्या पाकोळ्या बारा महिने त्यांतच झोपतात, कारण त्यांच्या चिमुकल्या पायांना फांदीवर बसताच येत नाही. तांबट वठलेल्या फांदीत ढोली कोरतो. पिलं नसतानाही रात्रीचा मुक्काम ढोलीतच.

ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंची तऱ्हा आणखी निराळी. 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ झालेल्या या खाडीत ते घरटी बांधत नाहीत. चिखलाचे बुटके ढीग रचून अंडी घालतात ती गुजरातेत, कच्छच्या रणात. इथे त्यांचं वेळापत्रक सूर्यापेक्षा समुद्र ठरवतो. भरतीने चिखल बुडाला की नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन एका पायावर डुलकी. ओहोटी लागली की मध्यरात्रीही चरायला हजर.