निकाल लागला, पण मनाचे काय?

वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या त्या बाई उतरल्या, तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता. चार वर्षे चाललेल्या प्रकरणाचा तो निकाल. बरोबर थोरला भाऊ होता. रिक्षाला हात करता करता तो म्हणाला, "सुटलीस बाई एकदाची! चल, कुठेतरी बसून चहा घेऊ." बाईंनी मान डोलावली, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीने बँकेत कामावर गेल्या. घरच्यांना वाटले, झाले, पोरगी मार्गाला लागली.

तीन महिन्यांनी आईच्या लक्षात आले, की ही रात्री तीनच्या सुमारास उठते आणि अंधारात स्वैपाकघरात बसून राहते. सकाळी दूध उतू जाते, ही समोर उभी असते. पण हात पुढे होत नाही. सात वर्षांच्या मुलावर कारण नसताना ओरडते आणि मग त्यालाच पोटाशी धरून रडते. पोटात दुखते म्हणून घरच्या डॉक्टरांकडे नेले. सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघाले नाही. डॉक्टर वयस्क, घरोब्याचे. त्यांनी कागद बाजूला सारले आणि म्हणाले, "पोरी, हे पोटाचे दुखणे नव्हे. तू कुणापाशी तरी मन मोकळे करायला हवेस. माझ्यापाशी नव्हे, ज्याचे ते कामच आहे, अशा माणसापाशी."

पुढे या बाई मला म्हणाल्या, "अहो, घटस्फोट मागितला तो मीच! मग मी रडायचे तरी कोणत्या तोंडाने?"

त्यांच्या या प्रश्नासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

या दुःखाला पिठलेभात नाही

आपल्याकडे घरात मृत्यू झाला, की शेजारी पिठलेभात घेऊन येतात. दहा-तेरा दिवस माणसे भेटायला येतात, गेलेल्याच्या आठवणी निघतात, डोळे पुसले जातात. दुःखाला वेळ मिळतो, जागा मिळते, शब्द मिळतात. संसार मोडतो, तेव्हा मात्र पिठलेभात घेऊन कोणी येत नाही. जे येतात, ते "पण नेमके झाले तरी काय?" हे विचारायला. नाहीतर "बरे झाले, सुटलीस" असे सांगायला. पहिल्यांना उत्तर देववत नाही. दुसऱ्यांपुढे रडता येत नाही.

वास्तविक सुटका आणि शोक एकाच वेळी मनात नांदू शकतात. नवरा गेला नाही. पण त्याच्याबरोबर पाहिलेले घर गेले, सणावारांची रीत गेली, जिवाभावाची झालेली एखादी नणंद गेली, "अमक्याची सून" ही ओळख गेली. तीच गोष्ट पुरुषाची. त्याची मुले आता फक्त रविवारी भेटतात, आणि "पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय?" म्हणणारे मित्र त्याला रोज भेटतात.

१९६७ साली टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी माणसाच्या आयुष्यातील ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक घटनेच्या ताणाला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००. त्याच्या खालोखाल घटस्फोट, ७३. तुरुंगात जाण्याला ६३! आता असे गुण काही सर्वांना सारखे लागू पडत नाहीत. पण घटस्फोटानंतर जो कोसळतो तो दुबळा, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा.

कायदा कुठवर सोबत करतो?

मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली, आणि साऱ्या देशात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोय आली १९७६ मध्ये. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. त्याप्रमाणे पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालये १९८९ साली सुरू झाली. तेथे विवाह समुपदेशक असतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. "एकदा समुपदेशन झाले की आमचे; आता पुन्हा कशाला?" असे म्हणणारे भेटतात ते यामुळेच.

परंतु तेथील समुपदेशकाचे मुख्य काम निराळे असते. तडजोड होते का, मुलांच्या भेटीचे वेळापत्रक जमते का, हे तो पाहतो. तो प्रकरणाचा समुपदेशक. तुमच्या मनाचा नव्हे. निकाल लागला, की त्याचे काम बहुधा संपते आणि तुमचे तेथूनच सुरू होते.

कोणाकडे जावे?

येथे बराच गोंधळ असतो, म्हणून सोप्या शब्दांत सांगतो. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हा डॉक्टर असतो. एम. बी. बी. एस. नंतर त्याने या विषयाचे शिक्षण घेतलेले असते आणि तो औषधे देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, हा औषधे देत नाही. बोलण्यातून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, आणि ती विचारण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. तिसरा समुपदेशक. यांत उत्तम शिकलेली माणसे आहेत, तशीच चार दिवसांच्या शिबिराच्या जोरावर पाटी लावून बसलेलीही आहेत. तेव्हा पाटीवर विसंबू नये.

झोप, भूक पार उडाली असेल, अंथरुणातून उठवत नसेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. दिवस कसाबसा ढकलला जातो, पण मन पुन्हा पुन्हा त्याच विहिरीभोवती फिरते, असे असेल, तर मानसशास्त्रज्ञ किंवा चांगला समुपदेशक पुरेसा होतो.

पत्ता मिळवण्याचा पहिला मार्ग म्हणजे घरचा डॉक्टर. ऐपत बेताची असेल, तर मुंबईच्या के. ई. एम., नायर, शीव या रुग्णालयांत, पुण्याच्या ससूनमध्ये आणि पुष्कळ जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. गर्दी असते, थांबावे लागते; पण खर्च थोडा. ठाण्याची 'आय. पी. एच.' ही मानसिक आरोग्याचे काम करणारी संस्था १९९० पासून चालू आहे. पुष्कळ समुपदेशक आता दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरही भेटतात. गावात कोणी नसेल किंवा चाळीत जिना चढताना कोणी पाहील ही धास्ती असेल, तर ही सोय मोठीच म्हणावयाची.

पहिली भेट

आमच्या बाईंची पहिली भेट फसली. ज्या समुपदेशिकेकडे त्या गेल्या, तिने दहा मिनिटांतच विचारले, "मुलासाठी थोडे जुळवून घेता आले नसते का?" बाई उठून आल्या आणि पुढचे दोन महिने कोठेही गेल्या नाहीत. "जो प्रश्न आत्या विचारते, तोच पैसे देऊन ऐकायचा होय?" हे त्यांचे म्हणणे. ते बरोबरच होते. चूक झाली ती एवढीच, की एका माणसावरून त्यांनी साऱ्या उपचाराची परीक्षा केली. चप्पल चावली म्हणून कोणी अनवाणी राहत नाही, दुसरी घेतो.

म्हणून पहिल्या भेटीत आपण रोगी आहो असे समजून खाली मान घालून बसू नये. सरळ विचारावे: आपले शिक्षण काय आणि कोठे झाले? घटस्फोट झालेल्या माणसांबरोबर काम केले आहे का? एका भेटीची फी किती, आणि कमी करता येईल का? किती भेटी लागतील, याचा काही अंदाज? चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. जो तुम्हांला दोष देतो, जो दुसऱ्या लग्नाची स्थळे सुचवतो, जो स्वतःच्याच संसाराच्या गोष्टी सांगत बसतो, किंवा पाच भेटींत दुःख नाहीसे करण्याची हमी देतो, त्याला दुरूनच नमस्कार करावा. दोन-तीन भेटींनंतर मन उघडत नाही असे वाटले, तर तसे बोलून दाखवावे आणि जरूर तर बदल करावा. त्यात कसलाही अपमान नाही.

"तेथे बोललेले बाहेर जाईल का?" ही भीती मोठी, विशेषतः मुलाच्या ताब्याचा प्रश्न अजून लोंबकळत असेल तर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. कोणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे, असे थोडेच अपवाद आहेत. तेही पहिल्याच भेटीत विचारून घ्यावेत.

तेथे होते तरी काय?

जादू नव्हे. साधारणतः आठवड्यातून एकदा, पाऊण तास ते तासभर एक माणूस तुमचे ऐकतो. तो तुमच्या माहेरचा नसतो, सासरचाही नसतो. बाईंना दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या भेटीत विचारले गेले, "त्या घरातले तुम्हांला सर्वांत जास्त काय आठवते?" बाईंना वाटले होते भांडणे आठवतील. त्यांच्या तोंडून निघाले, "गच्चीवरची तुळस." आणि मग चार वर्षांत आल्या नव्हत्या तितक्या आसवांना वाट मिळाली. त्या दिवशी त्यांना कळले, की आपण नवऱ्यासाठी रडत नसून आपल्याच दहा वर्षांसाठी रडत आहो; आणि त्यासाठी रडावयास कोणाची परवानगी लागत नाही.

याला वेळ लागतो. काही आठवडे तर अधिकच जड जातात. मध्ये एखादा लग्नाचा वाढदिवस येतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यासारखे वाटते. तसे नसते.

एक गोष्ट मात्र थांबून राहण्यासारखी नाही. जगणे नकोसे वाटू लागले, जीव द्यावा असे विचार येऊ लागले, तर भेटीची वेळ मिळेपर्यंत वाट पाहू नये. १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा क्रमांक. ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीतही बोलता येते. घरच्यांनी अशा माणसाला एकटे सोडू नये आणि सरळ रुग्णालयात न्यावे.

बाईंचे म्हणाल, तर साताठ महिन्यांनी एका सकाळी त्या जाग्या झाल्या आणि त्यांच्या ध्यानात आले, की तीन वाजता आपण उठलोच नाही. एवढेच. पण त्या दिवशी दूध उतू गेले नाही. पुढे त्यांनी आईच्या खिडकीत कुंडी ठेवून तुळस लावली. पाणी घालण्याचे काम मुलाकडे आहे.

दिवाळी आली आहे. आपल्या नात्यात, आपल्या इमारतीत असे एखादे घर असेलच. जेथे या वर्षी पहिल्यांदाच एक पाट कमी मांडला जाणार आहे. तेथे फराळाचे ताट घेऊन अवश्य जा. "झाले तरी काय?" असे विचारू नका, "सुटलीस" असेही म्हणू नका. थोडा वेळ नुसते बसा. आणि निघताना, वाटले तर, एखाद्या चांगल्या माणसाचा पत्ता हळूच हाती ठेवा.