आधी देव विचारा

आमच्या गोंडांत स्थळ आलं की पहिला प्रश्न पगाराचा नसतो, पत्रिकेचा तर नसतोच. विचारतात, "देव किती?" प्रत्येक कुळाचे देव ठरलेले: चार, पाच, सहा, नाहीतर सात. दोन्ही घरांचा आकडा सारखा निघाला की पाहुणे चहा पिऊन उठतात, मुलगा तहसीलदार का असेना. सारख्या देवांची माणसं भाऊ-बहीण लागतात. एक घर चंद्रपूरच्या राजुऱ्याला असो आणि दुसरं पार गडचिरोलीतल्या धानोऱ्याला, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसो, नातं तेच.

माझं माहेर आत्रामांचं, सहा देवांचं. सासर मेश्रामांचं, सात देवांचं. (मेश्राम हे आडनाव विदर्भात इतर समाजांतही भरपूर आहे, त्यामुळे नुसत्या आडनावावर विसंबून चालत नाही.) सहाची मुलगी सातात गेली, हिशेब जुळला. लग्न झालं तरी मी लगेच त्या कुळाची झाले नव्हते. मेश्रामांच्या नव्या सुना पौष अमावास्येच्या जत्रेत केसलापूरला जातात. हे गाव आता तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीजवळ आहे. तिथे नागोबासमोर सुनेची भेट घालतात, तेव्हा कुठे ती कुळाच्या पूजेत बसू शकते. पांढरं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर ओढून मीही त्या रांगेत बसले होते. राजुरा तालुका १९५६पर्यंत हैदराबादच्या मुलखात, आदिलाबादकडेच होता. राज्यांच्या सीमा सरकल्या, पण आमच्या सोयरिकी अजून त्याच वाटेने जातात.

मी आरोग्यसेविका होते. नोकरीची बहुतेक वर्षं एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांत गेली. तिथे माडिया गोंडांची वस्ती. मीही गोंड, पण त्यांची बोली मला आधी निम्मीच कळायची, आणि देवांचा हिशेबही इलाका बदलला की बदलायचा. तिथल्या एका म्हातारीने मला पाणी देण्याआधी देव विचारले. मी सहा सांगितले. तिने माझ्याशी नातं जुळवलं, मला वहिनी ठरवलं आणि मग माझी जी काय थट्टा मांडली ती इथे छापता येणार नाही. या आकड्याने लग्नं ठरतात, तसंच कोणाशी चेष्टा करायची आणि कोणासमोर मान खाली घालायची, हेही ठरतं.

लग्न ठरलं की देज येतं. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायचं: धान्य, कापड, बकरा, मोहाची दारू, काही रोख. जुन्या पद्धतीत लग्नही मुलाच्या दारात लागतं. मुलीकडची माणसं तिला घेऊन वाजतगाजत तिकडे जातात आणि मांडवाचा खर्च मुलाचा बाप करतो. एका नव्या डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं होतं, "सिस्टर, तुमच्यात मुली विकतात ना?" मी त्यांना भाताच्या बांधीत नेलं नाही, नेलं असतं तर बरं झालं असतं. रोवणी, निंदण, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचणं, मेमध्ये तेंदूपानांची पुडकी बांधणं, हे सगळं करणारे दोन हात एका घरातून उठून दुसऱ्या घरात जातात. ते ज्या घरातून गेले त्या घराला काही द्यावं, एवढाच त्यातला विचार. ज्याच्याकडे देजाला काही नाही त्याने लमझना व्हायचं. सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबायचं, नांगर धरायचा, लाकूड आणायचं, आणि मग मुलगी त्याची. घरजावयाला महाराष्ट्रात इतरत्र हसतात. आमच्याकडे लमझन्याकडे त्या नजरेने बघत नाहीत, कारण तो फुकट बसून खात नसतो.

हे फक्त आमचंच नाही. नायजेरियातल्या इग्बो लोकांकडेही देज आहे आणि एकाच पितृकुळात लग्न न करण्याचा दंडक आहे. चिनुआ अचेबे हे इग्बो लेखक. त्यांच्या १९५८च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' कादंबरीत देजाची रक्कम तोंडाने बोलतच नाहीत. काड्यांची जुडी एका बाजूकडून दुसरीकडे जाते, कोणी काड्या काढतो, कोणी घालतो, आणि आकडा ठरतो. त्यांच्याकडे ताडीचा पेला घेऊन मुलगी गर्दीतून फिरते, लोक तिला मुद्दाम चुकीच्या माणसाकडे बोलावतात, आणि ती आपल्या माणसाला शोधून त्याच्या हातात पेला देते. शेजारच्या योरुबांकडे कित्येक मुलींचे आई-वडील देजाची रोकड घेऊन तिथल्या तिथे परत करतात, आम्ही पोरगी विकायला बसलेलो नाही हे चारचौघांत दिसावं म्हणून. त्या देशातही देज फार फुगलं होतं. पूर्व नायजेरियाच्या सरकारने १९५६मध्ये कायदा करून ते ३० पौंडांवर बांधलं, आणि लोकांनी त्या कायद्याचं, आपल्याकडचे लोक अशा कायद्यांचं जे करतात तेच केलं.

मोहाच्या दारूचंही सांगायला हवं. सोयरीक ठरताना मुलाकडच्यांनी आणलेली दारू मुलीच्या बापाने घेतली म्हणजे होकार. देवाला, पूर्वजांना आधी थेंब सांडायचे, मग माणसांनी घ्यायची. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे. लोकांनी, त्यातही बायकांनी लढून मिळवलेली. चंद्रपुरात २०१५ला बंदी आली आणि २०२१ला उठली. मी दारूबंदीच्या बाजूची आहे. नवऱ्याच्या मारहाणीनंतर दवाखान्यात आलेल्या बायकांचे टाके मी घातलेत. पण देवापुढची पळीभर मोहाची आणि बाजारातला पव्वा एकाच तराजूत तोलणं मला कधी पटलं नाही.

गोटुलबद्दल मला फार विचारतात. व्हेरियर एल्विन यांचं बस्तरच्या मुरिया गोटुलवरचं पुस्तक १९४७मध्ये आलं. मुरियांकडे मुलं-मुली एकत्र झोपत, त्याचं त्यात सविस्तर वर्णन आहे. तेव्हापासून शहरातल्या माणसाला गोटुल म्हटलं की डोळ्यांत वेगळीच चमक येते. मी भामरागडकडे पाहिलेल्या गावांत गोटुल म्हणजे गावाची बैठक, पाहुण्यांची ओसरी आणि पोरांची झोपायची जागा. मुली संध्याकाळी रेला नाचायला अंगणात येत आणि घरी परतत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात तर गोटुलात बसूनच ग्रामसभेने जंगलाचा कारभार हाती घेतला.

एक मात्र खरं. मुलगा-मुलगी एकमेकांना आधी ओळखतात, नाचात, बाजारात, तेंदूच्या फळीवर. आवडलेल्या मुलाच्या घरात मुलगी स्वतः जाऊन बसते, हाही लग्नाचा एक मान्य प्रकार आहे. घरच्यांनी पाणी दिलं, ती चुलीपाशी गेली की पुढचं पंच बघतात. देज मागाहून. सगळ्या गावाला जेवण घालायला पैसे नसतील तर लग्नाचा सोहळाही मागाहून. माझ्या गरोदर मातांच्या नोंदवहीत 'विवाहित की अविवाहित' असा रकाना होता. तिसऱ्या खेपेची बाई शांतपणे सांगायची, "बाई, लगन व्हायचं हाय." मी विवाहित लिहायचे. तिच्या गावात तिला कोणी वेगळं मानत नव्हतं, मग रकान्याने का मानावं? आता सामूहिक सोहळ्यांत अशा जोडप्यांची लग्नं लागतात. आईबापाच्या लग्नात पोरंच अक्षता टाकतात, आणि वर्तमानपत्रवाले त्याचं नवल करतात.

पटलं नाही तर सोडताही येतं. पंच बसतात, पेरमा म्हणजे गावचा धर्मप्रमुख असतो, गावचा पाटील असतो. बाईने दुसरं घर केलं तर नव्या नवऱ्याने जुन्याला देज भरून द्यायचं. विधवेचा पाट लागतो, आणि अशा बाईला हळदी-कुंकवातून उठवत नाहीत, कारण आमच्याकडे ते हळदी-कुंकूच मुळात नव्हतं. कायद्यानेही या चालीरीतींना जागा ठेवली आहे. १९५५चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, केंद्राने खास अधिसूचना काढली तरच लागू होतो. आमचं लग्न आणि आमची सोडचिठ्ठी रूढीने चालते.

एवढं वाचून कोणी म्हणेल, वा, आदिवासी बाई किती मोकळी! थांबा. तीच बाई पाळीचे चार-पाच दिवस कुर्माघरात काढते. गावाच्या कडेला बुटकी झोपडी, दार नीट लागत नाही, पावसाळ्यात जमीन ओली. साप चावलेली, ताप अंगावर काढलेली बाई मी तिथे पाहिली आहे. बायका मला म्हणायच्या, "तेवढंच बसायला मिळते, बाई." त्यांचं खोटं नव्हतं, घरी असताना त्यांना पाठ टेकायला वेळ नसायचा. काही गावांत आता पक्की विसावा केंद्रं बांधली आहेत, पलंग, पाणी, संडास असलेली. गळतं छप्पर गेलं हे चांगलंच. पण बाईने बाहेर बसायचं हे त्याने पक्क्या विटांत बांधलं गेलं, असंही मला वाटतं.

आणि आता हुंडा. हे लिहिताना मला माझ्याच नात्यातली माणसं डोळ्यांसमोर दिसतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात गोंड १६ लाखांवर होते. त्यांतला शिकलेला, नोकरीला लागलेला थर पातळ आहे. तो थर शिक्षक, तलाठी, वनरक्षक झाला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची लग्नं पाहून शिकला. देज मागासलेपणाचं वाटू लागलं म्हणून बंद केलं. त्याच्या जागी मुलीच्या बापाकडून मोटारसायकल आली, हॉल आला, सोनं आलं. त्याला हुंडा म्हणत नाहीत, 'भेट' म्हणतात. १९६१पासून हुंड्याला बंदी आहे. आमच्या आज्यांना हा कायदा लागलाच नसता, इतका तो त्यांच्या कामाचा नव्हता. नातींना लागतो. ज्या घरात मुलगी झाल्यावर दोन हात आले म्हणायचे तिथे आता खर्च आला म्हणतात. पन्नास वर्षांत आम्ही कमावलेल्या गोष्टींत ही एक आहे, आणि ती आम्ही कोणाच्या जबरदस्तीने घेतलेली नाही.

एक नवा प्रश्न मात्र मी स्वतः लोकांच्या तोंडी बसवायचा प्रयत्न केला. देव विचारल्यावर सिकल विचारा. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, अशी आमची रीत; आधीच्या पिढीत ज्या घरातून मुलगी आली, त्याच घरातून आता पुन्हा मुलगी येते. देवांचा हिशेब त्यात बरोबर बसतो, रक्ताचा बसेलच असं नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या भागात पूर्वीपासून आहे. तपासणीनंतर मिळालेलं पिवळं कार्ड म्हणजे वाहक, लाल म्हणजे पीडित. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला कार्ड दाखवायचं कारणच कळत नाही. पण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता मूल पीडित होण्याची. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता घटत नाही, हे समजावताना माझा घसा सुकायचा. २०२३मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, तेव्हापासून कार्डं पुष्कळ वाटली गेली. ती पेटीच्या तळाशी जातात. सोयरीक बघायला जाताना खिशात गेली पाहिजेत.

शेवटी जमिनीचं. लग्नात बाईला निवड आहे, मोडायची मुभा आहे. जमिनीत मात्र तिचं नाव शोधावं लागतं. १९५६चा हिंदू वारसा कायदाही जमातींना लागू नाही, त्यामुळे मुलीचा वाटा रूढीवर अवलंबून, आणि रूढी सांगणारे पंच पुरुष. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्याच खटल्यात सांगितलं की मुलीला वाटा नाही अशी रूढी सिद्ध झालेली नसेल तर तिला डावलता येणार नाही. समानतेचा हक्क तिलाही आहे. इग्बोंकडे मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा नसे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रूढी २०१४मध्ये घटनाबाह्य ठरवली. आपल्याला अकरा वर्षं जास्त लागली.

निकाल दिल्लीत लागतो, सातबारा मात्र तलाठ्याकडे असतो. कोर्टापर्यंत न जाताही एक गोष्ट करता येते. २००६च्या वनहक्क कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की विवाहित माणसाला मिळणारा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असला पाहिजे. मी अनेक घरांत पट्टा पाहिला आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कौलाखाली खोचलेला. तुमच्या घरी असेल तर आज काढा आणि त्यावर बायकोचं नाव आहे का ते बघा. नसेल तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे अर्ज द्या, आणि अर्जावर सही तिलाच करू द्या.