न दुखणारा आजार

मुलांनो, भिवंडीजवळ अंजूर फाट्याच्या गोदामांत ओझी वाहणारे हमाल तुम्ही पाहिले असतील. अंगमेहनत करणाऱ्याला हृदयविकार होत नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. तो मोजावाच लागतो. (सुई टोचत नाहीत, घाबरू नका!) तो वारंवार १४०/९० किंवा अधिक भरला, तर डॉक्टरांकडे जावे. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीनंतर रक्तदाब व साखर तपासतात. पण प्रत्येकाचा धोका सारखा नसतो. वडिलांना किंवा भावाला पंचावन्न वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, विडीची सवय असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. कोलेस्टेरॉल केव्हा तपासायचे, ते त्यावरून ठरते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे-पापडातले मीठही त्यातच आले. आज अब्बांना विचारा, शेवटचा रक्तदाब कधी मोजला होता?