मध्यपाटीपलीकडची शिट्टी
(द्वितीय वर्ष, कला)

गतवर्षी आंतरवर्गीय खो-खो सामन्यात एका बाजूचे पंचपद माझ्याकडे आले होते. शेवटचे मिनिट चालू होते. समोरच्या पंचांच्या अर्ध्या भागात, खुंटाजवळ, पळणाऱ्या गड्याच्या पाठीला हात लागलेला मी स्पष्ट पाहिला. दुसरा पळणारा मध्ये आल्याने तो समोरच्या पंचांना दिसला नाही. 'हद्द त्यांची, आपण कशाला बोला?' म्हणून मी गप्प राहिलो. पाठलाग करणारा वर्ग एका गुणाने हरला. सामना संपल्यावर तोच पळणारा मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, हात लागला होता. तुम्ही बघितलं होतं ना?" मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नातूनच हा लेख लिहीत आहे.

खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने प्रथम बांधून दिले. आज २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदानाच्या मधोमध दोन खुंटांना जोडणारी ३० सेंटिमीटर रुंदीची मध्यपाटी असते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पंच उभा राहतो. आपल्या अर्ध्या भागातील निर्णय त्याने द्यायचे आणि दुसऱ्या पंचालाही साहाय्य करायचे, असे नियमच सांगतो. म्हणजे हद्द वाटून दिली आहे. डोळे मिटून घ्यायला मात्र सांगितलेले नाही.

असे का, हे खेळाच्या रचनेतच दिसते. पाटीवरचे आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि खो पाठीमागून द्यायचा असतो. त्यामुळे खो देणारा एका पंचाच्या भागात, तर उठणारा दुसऱ्याच्या भागात जातो. हात लागला की नाही, हे एकाला नीट दिसते. गडी खो मिळण्याआधीच उठला काय, हे दुसऱ्याला. एकाच घटनेची दोन टोके दोघांच्या हाती असतात.

मग हद्दीपलीकडे शिट्टी केव्हा वाजवावी? मला तीन कसोट्या पटतात. पहिली, घटना स्वतः पाहिलेली असावी. आवाजावरून किंवा प्रेक्षकांच्या ओरडण्यावरून केलेला तर्क चालणार नाही. दुसरी, सहकाऱ्याची नजर अडलेली असावी. तो जवळ उभा असून त्याने पाहून सोडून दिले असेल, तर तो त्याचा निर्णय आहे. आपण तो दुरुस्त करू नये. तिसरी, क्षणभर त्याची वाट पाहावी. शिट्टी त्याचीच आली तर उत्तम. न आली तर आपली ठाम वाजावी. दोघांत मतभेद झाल्यास अंतिम निर्णय सरपंचांचा असतो.

बास्केटबॉलमध्येही हाच पेच आहे. तिथे दोन किंवा तीन पंच २८ बाय १५ मीटरचे मैदान आपसांत वाटून घेतात आणि चेंडूबरोबर त्यांच्या जागा बदलत राहतात. एका पंचाने आपल्या अधिकारात दिलेला निर्णय दुसऱ्याला रद्द करता येत नाही, असा तिथला नियम आहे. पण न दिलेला निर्णय ही वेगळी गोष्ट आहे. टोपलीखालच्या गर्दीत जवळच्या पंचापुढे खेळाडूंची भिंत उभी राहते, तेव्हा लांबच्या पंचाला दिसलेला उघड धक्का सोडून देणे म्हणजे शिस्त नव्हे. उलट, सहकाऱ्यासमोर घडलेल्या किरकोळ स्पर्शासाठी लांबून शिट्टी फुंकणारा पंच दोघांचीही पत घालवतो. खेळाडू मग दोघांकडेही संशयाने पाहू लागतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी ती जिंकली. आपल्या बावड्याच्या मातीत खेळला जाणारा खेळ एवढा मोठा झाला असताना पंचगिरी केवळ 'कोणीतरी उभे राहा रे' अशी ठरवून कसे चालेल?

यंदा सामन्यापूर्वी मी समोरच्या पंचमित्राला बाजूला घेऊन एवढेच म्हणालो, "खुंटापाशी तुला दिसलं नाही तर मी शिट्टी देईन. माझ्याकडचं तू बघ." त्याने मान डोलावली. हे बोलायला अर्धे मिनिटही लागले नाही. गतवर्षी तेवढेच राहून गेले होते.